पांढऱ्या अक्षरांचा रकाना

काका,

तुमच्या तेराव्याला मी आले होते. घरात कुणाच्या लक्षात आलं नसेल, कारण मी पडवीतच थांबले, चपलांच्या जवळ. आत तुमचा जहाजावरच्या गणवेशातला फोटो ठेवला होता. दाट मिशा, ताठ मान. त्या माणसाला मी ओळखत नव्हते. मी ओळखत होते ते चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेल्या, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या आणि प्रत्येक बोटाबरोबर ओठ हलवणाऱ्या माणसाला.

निघताना काकूंनी हाक मारली. "गो, थांब जरा," म्हणाल्या आणि आतून एक वही घेऊन आल्या. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. "ही तुझ्याच कामाची असणार. गेले दोन महिने दुपारची झोप सोडून ह्येच लिहीत बसायचे. मी उघडून बघितली. गावोगावची माणसं आहेत हिच्यात, आमच्या घरातलं एक नाय."

मी वही घेतली, मान हलवली आणि रिक्षात बसल्यावर ती पिशवीच्या तळाशी ठेवली. तिच्यात काय आहे ते मला न उघडताच कळलं होतं. ती का लिहावी लागली, ते काकूंना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. म्हणून हे लिहितेय.

मराठीत लिहितेय, तेवढं बघा. पहिल्या आठवड्यात मी रक्तदात्यांना पाठवायला एक मेसेज लिहिला होता, "आपल्या रक्तासाठी धन्यवाद." तुम्ही तो दोनदा वाचलात. मग चष्मा काढून म्हणालात, "ह्ये डासाने लिहिल्यासारखं वाटतंय गो." मी इतकी ओशाळले की दुसऱ्या दिवशी येणारच नव्हते. आले, तर माझ्या टेबलावर तुमच्या हातची चिठ्ठी होती, "तुम्ही आलात, बरं वाटलं. घरी पोचल्यावर पाणी भरपूर प्या." खाली लिहिलं होतं, "ह्ये पाठव. माणसाला माणसाने लिहिल्यासारखं."

मला तुमच्याकडे आईने धाडलं होतं. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, नोकरी मिळत नव्हती, आणि मी दिवसभर खोलीचं दार लावून बसत होते. मांडवीच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानावर एक खोली, तिच्यात एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, भिंतीला लागून बाक, आणि तुम्ही. जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी तुम्ही एक्सेलच्या फाइलमध्ये सांभाळायचात. कुणाला रक्त लागलं की नातेवाईक जिना चढून यायचे, बाकावर बसायचे. तुम्ही एक बटण दाबायचात, रक्तगट आणि तालुका टाकायचात, आणि तुमचा मॅक्रो, तुम्हीच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, नावं शोधून द्यायचा. ज्यांनी हल्लीच रक्त दिलंय त्यांना वगळून, जवळच्या गावचे आधी. हे सगळं तुम्ही साठी उलटल्यावर, पुस्तकं आणून, स्वतःच शिकलेलं. आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर होतात. "वर उपग्रह आले आणि खाली आमची जमात संपली," असं तुम्ही सांगायचात, अजिबात वाईट न वाटता.

"इंग्रजी शाळेतली ना तू?" पहिल्या दिवशी विचारलंत.

"हो."

"मग हा मॅक्रो मला इंग्रजीत शिव्या का घालतो, सांग बघू."

तो शिव्या घालत नव्हता. तो मेमरी पुरत नसल्याचं सांगत होता. मी हसले. बहुतेक त्या महिन्यातलं माझं पहिलं हसणं.

फोन करायचं काम तुम्ही मला चौथ्या दिवशी दिलंत. मी नको म्हटलं. "का?" असं तुम्ही विचारलं नाहीत. रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी पाठ करून उभे राहिलात, रस्त्यावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं दाखवत. मी नंबर लावला. पलीकडून "हॅलो" आल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "नाव सांग. तुझं. बाकीचं ते विचारतील." ते खरं निघालं. अजूनही मी फोन तसाच करते. आधी माझं नाव.

आता त्या फाइलकडे येते.

ती उघडायला पाच-सहा मिनिटं लागायची. तुम्ही बटण दाबून चहा सांगायला खाली जायचात. पण एका दुपारी लांज्याहून एक गृहस्थ आले. बायकोचं ऑपरेशन होतं, बी निगेटिव्ह पाहिजे होतं. स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. तुम्ही शोध लावलात आणि पडदा पांढरा पडला. पुन्हा लावलात. तेच. त्या माणसाने एकदा घड्याळ बघितलं, मग डब्याची कडी काढली, लावली, काढली. तुम्ही हात की-बोर्डवरून उचललेत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "लिहून घे. पावसचे एक. कुवारबावचे एक. साखरतरचे, पण ते होडीवर असतील तर त्यांचा भाऊ." तिन्ही नंबर पाठ. दोघं तासाभरात पोचले.

ते गृहस्थ गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आज डोक्यात होतं म्हणून निभावलं. माझं डोकं काय कायम पुरणार हाय? फाइल बरी कर बाय."

मला कुणी असं काम कधी दिलं नव्हतं. मी दोन दिवस ती फाइल उलगडत बसले. तुम्ही चारशेच्या आसपास नावं ठेवली होती, पण एक्सेलच्या लेखी पान भरलं होतं साठ हजारांहून जास्त ओळींपर्यंत. मी तुम्हाला दाखवलं होतं, आठवतं? कंट्रोल आणि एन्ड दाबलं की तो शेवटच्या वापरलेल्या चौकोनावर उडी मारतो. आपण दाबलं, आणि तो पार खाली, ओसाड जागी जाऊन उभा राहिला.

"इथे कोण राहतो?" तुम्ही विचारलंत.

"कोणीच नाही काका. पण तुम्ही कधीतरी चौकटी ओढताना माउस दाबून धरला असणार. रेघा खालपर्यंत गेल्यात. चौकोनात अक्षर नसलं तरी रेघ आहे, म्हणून तो त्याला वापरातला धरतो. आणि तुमचा मॅक्रो प्रत्येक चौकोनापाशी जाऊन विचारतो, तू बी निगेटिव्ह आहेस का?"

"रिकाम्यालासुद्धा?"

"रिकाम्यालासुद्धा."

तुम्ही खूप हसलात. मग मी सांगितलं की एकेका चौकोनाशी जायचंच नाही. भरलेला भाग नेमका ठरवायचा, तो एकदम उचलून मेमरीत घ्यायचा, तिथे शोधायचं, आणि उत्तर तेवढं पानावर ठेवायचं. पण उचलायचा भाग आधी आटोपशीर पाहिजे, नाहीतर ओसाड जागाही बरोबर उचलली जाते. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे विहिरीवर तांब्या घेऊन शंभर खेपा नाय घालायच्या. कळशी न्यायची. आणि कळशी आधी मोकळी करायची." माझ्या कोर्समध्ये हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जमलं नाही. तुमच्या प्रत्येक मॅक्रोच्या शेवटी पाच-सहा ओळी असायच्या, जिथे वापरलेली प्रत्येक वस्तू तुम्ही 'नथिंग' करून, म्हणजे मेमरीतून मोकळी करून, सोडायचात. शीट नथिंग, रेंज नथिंग, वर्कबुक नथिंग.

"गरज नाहीये काका. मॅक्रो संपला की ते आपोआप सुटतं."

"आपोआप म्हणजे कोण सोडतं?"

"लँग्वेजच सोडते."

"सोडताना तू बघितलंस?"

"तसं दिसत नाही ते."

"मग मी माझ्या हाताने सोडतो. तिला काय राग येणार नाय."

जहाजावर पाळी संपली की रेडिओच्या खोलीतली प्रत्येक गोष्ट जागेवर ठेवूनच बाहेर पडायचं, पुढच्याने येऊन शोधाशोध करता कामा नये, ही तुमची सवय. हा वाद आपण आठवड्यातून एकदा तरी घालायचो. मी बरोबर होते. अजूनही आहे. तुम्ही असतात तर आजही घातला असता.

आणि मग ती दुपार. तुम्ही बांगडे घ्यायला गेला होतात. मी खालच्या रिकाम्या ओळी पुसल्या. मग बघितलं तर पान उजवीकडेही फार लांब पसरलं होतं. तुमची यादी बाराव्या रकान्यात संपत होती, पण एक्सेल म्हणत होतं, एझेडपर्यंत वापर आहे. म्हणजे बावन्नावा रकाना. मी तिथे गेले. वर-खाली बघितलं. सगळं पांढरं. एकही अक्षर नाही. मला वाटलं हीसुद्धा भुताटकीच, कधीतरी चुकून लागलेला रंग. तेरावा ते बावन्नावा रकाना निवडला आणि डिलीट केलं. सेव्ह केलं.

एक ओळ लिहून मी त्या रकान्याला विचारलं असतं, तुझ्यात किती चौकोन भरलेले आहेत, तर त्याने खरा आकडा सांगितला असता. तेवढी एक ओळ मला येत होती. पण मी विचारलं नाही, फक्त बघितलं.

तुम्ही आलात, फाइल उघडलीत आणि ती चहा सांगायच्या आत उघडली. "उघडली पण?" तुम्ही बंद करून पुन्हा उघडलीत. "होडीतलं पाणी काढलंस गो!" त्या पिशवीतले दोन बांगडे मला कागदात बांधून दिलेत. आईने ते तळले आणि शेजारी सांगितलं की मुलीला पहिली कमाई मिळाली.

तीन-चार दिवसांनी एका फोनच्या आधी तुम्ही थांबलात. मी तुम्हाला रोज बघत होते, म्हणून मला तुमची ती सवय माहीत होती. नंबर लावायच्या आधी तुम्ही कुठलंसं बटण दाबायचात, आणि मग पडद्याच्या अगदी वरच्या कडेला नजर लावायचात, ढग आलेत का बघितल्यासारखी. मग रिसीव्हर उचलायचात. मी बघायचे, पण तुम्ही काय बघता ते कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही बटण दाबलंत, वर बघितलंत, पुन्हा दाबलंत. बराच वेळ दाबत राहिलात.

"काय झालं काका?"

"काय नाय. चष्मा."

आणि रिसीव्हर उचललात.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी यादीतल्या मंगेशना फोन केला. ओ निगेटिव्ह, त्यामुळे त्यांचं नाव नेहमी वर यायचं. तुम्ही खाली गेला होतात आणि मला वाटलं, आता मला फोन जमतो. दोन नंबर होते. पहिला लावला. त्यांच्या आईने उचलला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. रक्तदानाबद्दल फोन आहे, म्हटलं.

"रक्त? कोणाचं रक्त? माझ्या मंगेशचं? तो रक्त देतो?" मग फोन बाजूला धरून, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "अगो सुनबाई, ऐकलंस काय! म्हणून म्हणत होते पोराची हाडं वर आलीत!"

दुसऱ्या दिवशी मंगेश जिना चढून आले. बसलेसुद्धा नाहीत. "काका, तुम्हाला मी पाच वर्षांपूर्वी सांगितलेलं. घरी फोन नको, दुकानावर करा. आता आई रोज सकाळी माझी पापणी खाली ओढून बघते. दूध प्यायला लावते दोन ग्लास. मला नाय पचत दूध. माझं नाव काढा."

तुम्ही उभे राहिलात. "चुकलं माझं. लिहिलेलं होतं माझ्याकडे. नजरेतून सुटलं."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, काका. टेबलाच्या पलीकडे. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मंगेश गेल्यावर मी कसंबसं विचारलं, "कुठे लिहिलेलं होतं?"

"होतं," तुम्ही म्हणालात, आणि बाटलीतलं पाणी प्यायलात.

घरी जाऊन मी पेन ड्राइव्ह शोधला. फाइलला हात लावायच्या आधी मी तिची एक प्रत काढून ठेवली होती. तेवढं कोर्समध्ये शिकवलं होतं. ती जुनी प्रत उघडली, एझेडला गेले, पूर्ण रकाना निवडला आणि अक्षरांचा रंग काळा केला.

सगळा रकाना भरलेला होता. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. मग मला खोलीतला बाक डोळ्यांसमोर आला. पडदा बाकाकडे वळलेला, येणारा प्रत्येक माणूस त्यात डोकावणारा. तुम्ही लोकांबद्दलच्या गोष्टी अशा लिहिल्या होतात, की चौकोनावर जाऊन वरच्या पट्टीत, जिथे चौकोनातलं लिहिलेलं काळंच उमटतं, बघितल्याशिवाय कुणाला दिसू नयेत. "लावणीच्या दिवसांत बोलावू नये, नाही म्हणता येत नाही त्याला." "सुई बघत नाही, क्रिकेटवर बोलत राहावं." "मुलगी गेल्याला एप्रिलमध्ये वर्ष. एप्रिलात फोन नको." "उपाशी येतो, आल्यावर आधी लाडू." मंगेशच्या ओळीत, "फक्त दुकानावर. आई हळवी आहे."

पाच-सहाच वाचल्या. कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटलं. लॅपटॉप बंद केला आणि ठरवलं, सोमवारी सांगायचं. प्रत घेऊन जायची, काका, हे मी पुसलं, हे परत आणलंय, इतकंच म्हणायचं. दोन वाक्यं.

सोमवारी बाकावर माणसं होती. पुढच्या सोमवारी तुमचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या सोमवारी काहीच नव्हतं. आपण दोघंच होतो, पंखा चालू होता, तुम्ही शेंगदाणे सोलून निम्मे माझ्यापुढे ठेवले होतेत. त्या दिवशीही मी बोलले नाही. दिवस गेले तसं ते दोन वाक्यांचं राहिलं नव्हतं. आता आधी सांगावं लागणार होतं की मी इतके दिवस का गप्प होते.

त्याच सुमाराला तुम्ही दुपारी लवकर घरी जायला लागलात. मध्येच काहीतरी विचारायचात, सहज विचारल्यासारखं. "ते राजापूरचे जुळे भाऊ गो, त्यातला चक्कर येणारा थोरला की धाकटा?"

उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. घरी जाऊन दोन मिनिटांत बघता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं. बघू," तुम्ही म्हणालात.

काका, बाकीचं मी स्वतःला समजावू शकते. घाबरले होते, नवीन होते, तुम्ही काय म्हणाल कळत नव्हतं. पण ते "माहीत नाही" मला समजावता येत नाही.

मग तुम्ही गेलात. मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळच्या फेरीत, कठड्यावर टेकून बसलात ते उठलाच नाहीत. जिल्ह्यातला कुठलाही रक्तगट तासाभरात उभा करणारे तुम्ही, आणि तुम्हाला कुणाचं रक्त लागलंच नाही. बातमी औषधांच्या दुकानातल्या बाईंनी सांगितली. मी जिना चढून वर गेले, खोली उघडली, कॉम्प्युटर चालू केला. का, ते माहीत नाही. फाइल चार सेकंदांत उघडली. ती इतक्या लवकर उघडल्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

वही मी तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी उघडली. खोलीवर, दुपारी, बाक रिकामा असताना. तुम्ही तालुक्यांप्रमाणे पानं पाडली होतीत. प्रत्येक नावापुढे आठवेल ते. काही ठिकाणी प्रश्नचिन्ह, काही ठिकाणी खोडून पुन्हा. "राजापूर जुळे, बहुधा धाकटा. विचारून घेणे." मी जुनी प्रत शेजारी उघडून एकेक ओळ लावून बघितली. तुमचं जवळजवळ सगळं बरोबर होतं. चुकला होतात ते जुळ्यांत. चक्कर थोरल्याला येते.

आणि मग माझं नाव आलं. मीही त्या यादीत आहे, पहिल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. जुन्या प्रतीतली माझी ओळ मी कधी बघितली नव्हती. बघायचं धाडस झालं नव्हतं. आता बघितली. एझेडमध्ये लिहिलं होतं:

"सुईला घाबरत नाही, फोनला घाबरते. विचारलं तरच बोलते."

वहीत, दोन महिन्यांमागच्या तुमच्या अक्षरात:

"फोनला आता घाबरत नाही. विचारू नये. आपणहून सांगेल. घाई नाही."

मी वही मिटली. खिडकीशी गेले, जिथे तुम्ही पाठ करून उभे राहायचात तिथे. त्या दिवशी रस्त्यावर काही नव्हतं. पहिल्या फोनच्या दिवशीही नसणार.

तुम्ही मला ओरडला असतात, तर मी त्या दिवशी रडून मोकळी झाले असते आणि दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन आले असते. कधी कधी तुमचा राग येतो मला. विचारायला काय झालं होतं? एकदा, शेंगदाणे सोलताना, "काय गो, तूच पुसलंस ना?" एवढंच. पण मला हेही कळतं की विचारलं असतंत, तर मी "नाही" म्हटलं असतं. आणि मग तेही राहिलं असतं आपल्या दोघांच्या मध्ये, कायमचं. तुम्ही मला खोटं बोलायची वेळ येऊ दिली नाहीत. राजापूरच्या जुळ्यांपुरती आली, ती माझी मीच आणली.

मी मॅक्रो लिहिला. पंधरा-वीस ओळींचा. जुन्या प्रतीतला प्रत्येक फोन नंबर नव्या फाइलमध्ये शोधायचा, सापडला की त्याची टीप एझेडमध्ये परत ठेवायची. भरलेला भाग एकदम उचलला, कळशीने. चालवायच्या आधी या वेळी दोन्ही फाइल्सना विचारलं, तुमच्यात किती चौकोन भरलेले आहेत. काम संपल्यावर पुन्हा विचारलं, आकडा जुळला. नंतर वहीतलं जे जुन्या प्रतीत नव्हतं ते हाताने टाइप केलं. कुणाची आई वारलेली, कुणी कुडाळला बदलून गेलेला. मॅक्रोच्या शेवटी शीट, रेंज, वर्कबुक, सगळं 'नथिंग' केलं. त्याची गरज नव्हती. हे मी अजूनही म्हणतेय.

मग मंगेशना फोन केला. दुकानावर. आधी माझं नाव सांगितलं.

"तुमच्या घरी तो फोन काकांनी नाही, मी केला होता," मी म्हटलं. "आणि टीप काकांच्या नजरेतून सुटली नव्हती. ती मी पुसली होती."

पलीकडे कुणीतरी खिळे मागत होतं. ते त्याला म्हणाले, "थांब रे." मग मला, "मग आता? आईला तू समजावणार?"

"तुम्ही सांगत असाल तर येते."

ते हसले, बारीकसं. "नको. ती तुझीच पापणी ओढून बघायची." मग म्हणाले, "काका गेल्याचं कळलं मला. घाल नाव परत. पण दुकानावरच. आणि संध्याकाळी पाचनंतर नको, गिऱ्हाईक असतं."

त्यांची ओळ तुम्ही काढली नव्हतीत, नुसती शोधातून वगळली होतीत. मी ती परत शोधात घेतली आणि हे लिहिलं, त्यांच्या टिपेला जोडून, पांढऱ्या अक्षरांत.

शेवटी तुमची ओळ राहिली. यादीत तुम्ही पहिले आहात. वय झाल्यामुळे शोधात तुमचं नाव कधीच वर येत नाही, पण ओळ तुम्ही काढली नव्हतीत, मीही काढलेली नाही. तुमच्या एझेडमध्ये काहीच नव्हतं. स्वतःबद्दल तुम्ही काही लिहिलं नव्हतंत.

आता तिथे एक शब्द आहे. बाकावर बसलेल्या कुणाला दिसणार नाही. त्या चौकोनावर जाऊन पडद्याच्या वरच्या कडेला बघितलं, तरच दिसतो.

"सांगितलं."